वसुली दाखला हाती पडल्यानंतरचे दोन महिने

छत्रपती संभाजीनगरच्या देवळाई भागातल्या २८ फ्लॅटच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या एका वाचकांनी तीन वर्षं मेंटेनन्स भरलेलं नाही. लिफ्ट वापरत नसताना तिचा खर्च लावतात आणि उन्हाळ्यातल्या टँकरचं बिल वन बीएचकेलाही थ्री बीएचकेएवढंच येतं, या दोन तक्रारी. सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाच्या सुनावणीच्या नोटिसा ‘सोसायटीचीच नाटकं’ समजून त्यांनी पोस्टमनच्या हाती परत पाठवल्या. आता त्या कार्यालयाकडून १ लाख ७० हजारांचा वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा आदेश निघाला आहे, वसुली अधिकाऱ्याची मागणी नोटीस दारावर लागली आहे. सहकार न्यायालयात जाऊ की ग्राहक आयोगात, असं ते विचारतात. मराठवाड्यातल्या टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांमधून अशी पत्रं सतत येतात, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

दोन्हीकडे जाऊ नका. तुमच्या चार पानी पत्रात लिफ्टवर दीड पान आहे, पण दाखला तुम्हाला कोणत्या तारखेला मिळाला हे एका ओळीतही नाही. सगळं प्रकरण त्या तारखेवर उभं आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. त्यातल्या कलम १५४ब-२९ खाली निघालेला दाखला हा थकबाकीचा अंतिम आणि निर्णायक पुरावा ठरतो. कोणत्याही न्यायालयात त्याला आव्हान देता येत नाही, आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. वाट एकच उरते, कलम १५४ खालचा पुनरीक्षण अर्ज, म्हणजे कोर्टकचेरीच्या बोलीत रिव्हिजन. तालुका पातळीवरच्या निबंधकाने (तुमच्या बाबतीत उपनिबंधकाने) दिलेल्या दाखल्याविरुद्ध ती विभागीय सहनिबंधकांकडे करायची. त्यांचं कार्यालय तुमच्याच शहरात आहे. मुदत दोन महिने, आदेश कळवला त्या तारखेपासून. आणि दाखल्यातल्या वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी भरल्याशिवाय अर्ज दाखल करून घेतलाच जात नाही. थेट उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रिट याचिका करायला निघालात, तरी पहिला प्रश्न रिव्हिजन का केली नाही हाच येईल.

तेव्हा आज करायचं ते हे. दाखला ज्या पाकिटातून आला ते शोधा, त्यावरचा पोस्टाचा शिक्का वाचा, स्पीड पोस्टचं ट्रॅकिंग निघत असेल तर त्याची प्रिंट काढून ठेवा. पाकीट फेकलं असेल तर उपनिबंधक कार्यालयात संपूर्ण फाइलच्या प्रमाणित नकलेचा अर्ज द्या: रोजनामा (सुनावणीच्या तारखांच्या नोंदी), सोसायटीने जोडलेला हिशेबाचा उतारा, नोटिसांच्या पोचपावत्या. मुदत संपत आली असेल तर नकलेची वाट बघत बसू नका, हातातल्या प्रतीवर अर्ज दाखल करा आणि नक्कल नंतर जोडा. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज शपथपत्रासह लागेल. सबळ कारण असल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण ‘कामाच्या गडबडीत राहून गेलं’ हे सबळ कारण नव्हे.

पन्नास टक्के म्हणजे तुमच्या बाबतीत ८५ हजार. ही रक्कम सहनिबंधक कार्यालयात भरायची नसते, संबंधित सोसायटीकडे जमा करायची असते. इथे गाडी हमखास अडते: खजिनदार चेक घेत नाही, किंवा घेतो आणि पावती देत नाही. म्हणून रक्कम सोसायटीच्या बँक खात्यात एनईएफटीने टाका, यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक नोंदवा आणि त्याच दिवशी सोसायटीला पत्र द्या की ही रक्कम कलम १५४ खालच्या अर्जासाठी, हक्क अबाधित ठेवून भरली आहे. दाखल्याच्या एकूण रकमेवर हिशेब करा. केवळ मुद्दलाचे निम्मे भरणाऱ्यांचे अर्ज लटकतात. रिव्हिजन दाखल झाली म्हणजे वसुली थांबली असंही नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज सोबतच द्या, नाहीतर वसुली अधिकारी सहकारी संस्था नियमांतल्या नियम १०७ प्रमाणे जप्तीकडे सरकत राहील आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता मुद्दे. ‘मला नोटीसच मिळाली नाही’ हा मुद्दा तुम्ही स्वतः घालवलात. पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा असेल तर कायद्याच्या नजरेत ती नोटीस बजावलीच गेली. उपनिबंधकांपुढच्या सुनावणीत दोन पानांचं लेखी म्हणणं दिलं असतं तर आज निम्म्या रकमेची जुळवाजुळव करावी लागली नसती. लिफ्टही सोडून द्या. आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे, लिफ्टचा खर्च ती असलेल्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांवर सारखा पडतो, कोणी वापरो न वापरो.

पाण्याचा मुद्दा मात्र खरा आहे. आदर्श उपविधीत पाणीपट्टी प्रत्येक फ्लॅटमधल्या नळजोडण्यांची संख्या आणि आकार यांवर वाटायची असते, सरसकट सारखी नाही. टँकरचं पाणी त्याच टाकीतून त्याच नळांना येतं, त्यामुळे हाच नियम तिथेही लागू व्हावा असं माझं मत आहे. समोरचा वकील टँकरला जादा सेवा म्हणेल आणि सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवेल, ती तयारी ठेवा. तुमच्याच आकड्यांवर बघू. महिन्याचं टँकरचं बिल ५६ हजार, फ्लॅट २८, म्हणून प्रत्येकी २ हजार. इमारतीत एकूण १४० नळ, तुमच्याकडे ३. नळामागे ४०० रुपये धरले तर तुमचे होतात १,२००. फरक ८०० रुपये. वर्षाचे चार महिने, तीन वर्षं, म्हणजे ९,६००. एवढ्यासाठी तुम्ही संपूर्ण मेंटेनन्स थांबवलंत! हरकत नोंदवून भरत राहिला असता तर भांडण ९,६०० रुपयांचंच राहिलं असतं.

ज्यावर तुम्ही एक शब्द लिहिला नाही, त्या व्याजात जास्त पैसे आहेत. उताऱ्यात मुद्दल १ लाख १४ हजार आणि ‘व्याज व दंड’ ५६ हजार आहे. आदर्श उपविधीत थकबाकीवर सरळव्याजच घेता येतं, कमाल २१ टक्के सालाना. दर महिन्याच्या देण्यावर त्या त्या महिन्यापासून आकारलं तर तीन वर्षांचं व्याज ३६ हजारांच्या आसपास येतं. वरचे २० हजार व्याजावरच्या व्याजाचे आहेत की उपविधीत नसलेल्या दंडाचे, हे उतारा ओळीओळीने तपासल्यावर कळेल. तुमच्या सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधीची प्रत काढा आणि व्याजाचा दर ज्या सर्वसाधारण सभेत ठरला तिचं इतिवृत्त मागा. सोबत टँकरची नोंदवही मागा: गाडी नंबर, वेळ, लिटर, वॉचमनची सही. बिलं आणि नोंदवही जुळत नसतील तर मुद्दलालाही हात घालता येईल.

दोन्ही मुद्दे जिंकलात तरी १ लाख ४० हजारांच्या आसपास देणं राहतंच. त्यामुळे रिव्हिजन दाखल करा आणि त्याच आठवड्यात कमिटीला लेखी प्रस्ताव द्या: मुद्दल पूर्ण, व्याज सरळ, दंड शून्य. चालू महिन्याचं मेंटेनन्स लगेच सुरू करा. नळांप्रमाणे पाणीपट्टीचा विषय वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, असा अर्ज आत्ताच देऊन पोच घ्या. ती सभा ३० सप्टेंबरपर्यंत घेणं सोसायटीला बंधनकारक आहे. तिथे ठराव फेटाळला तर पुढच्या आकारणीपुरता कलम ९१ खाली सहकार न्यायालयात वाद नेता येईल, पण तारखा लांब पडतात हे धरून चला. आणि ज्यांच्या इमारतीची नोंद सहकारी संस्था म्हणून नाही, अपार्टमेंट म्हणून आहे, त्यांनी हे उत्तर स्वतःला जसंच्या तसं लावू नये.