ऑफिसच्या गच्चीवर बसायला आणि काम करायला जागा करायची आहे. डिझाइनची सुरुवात कुठून करावी?

पुण्यातलं चार मजली ऑफिस, गच्चीवर लॉन, पर्गोला (खांबांवरचा उघडा मांडव) आणि लॅपटॉप घेऊन बसायची सोय, असं तुम्ही लिहिलंय. सुरुवात पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या आउटलेटपासून करा. फर्निचर नंतर, कारण वर जे उभं कराल त्याने हे पाणी अडता किंवा स्लॅबमध्ये मुरता कामा नये.

मी वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. बाणेरला एका कंपनीची गच्ची आम्ही नव्याने करून दिली. ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा पाणीरोधक थर), आउटलेटकडे ढाळ, पॅरापेटच्या म्हणजे कठड्याच्या कडेने वाटा (कोपऱ्यातला सिमेंटचा गोलावा), पाणी साठवून तपासणी, सगळं व्यवस्थित. मग इंटिरियरवाले आले. पर्गोल्याच्या बेसप्लेटा (खांबाखालच्या लोखंडी पट्ट्या) थेट कोब्यावर ठेवून त्यांनी अँकर फास्टनर, म्हणजे भोक पाडून घट्ट बसवायचे बोल्ट, ठोकायला घेतले. मी तिथेच म्हटलं, खांब खालच्या कॉलमच्या डोक्यावर घ्या, काँक्रीटचे पेडेस्टल (बुटके चौथरे) करा, मी वॉटरप्रूफिंग त्यांच्यावर चढवून देतो. आर्किटेक्ट म्हणाले, ग्रिड (खांबांची आखणी) बिघडतं, आपण सिलिकॉन मारू.

मारलं. जूनच्या वाऱ्यात खांब हलले आणि जुलैत खालच्या मीटिंग रूमचं फॉल्स सीलिंग टेबलावर आलं. फोन अर्थातच मला. सगळ्यांसमोर एक बेसप्लेट उघडायला लावली. बोल्टभोवती कोबा तडकलेला, भोक पाण्याने भरलेलं आणि सिलिकॉन सालीसारखं सुटून आलेलं. पुढे खांब पेडेस्टलवरच गेले, पण कोबा दुसऱ्यांदा करायचा खर्च मालकाला पडला.

लॉन तर डोक्यातून काढाच. ओली माती घनमीटरला पावणेदोन-दोन टन भरते, म्हणजे फूटभर थराचं ओझं चौरस मीटरला साडेपाचशे किलोच्या आसपास. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे नुसती वर जाता येणारी गच्ची चौरस मीटरला साधारण १५० किलोच्या हिशेबाने करतात आणि माणसं जमणाऱ्या जागेला ५०० किलो धरतात. तुमची स्लॅब कशासाठी केलीय हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. झाडं हवीत तर कुंड्या ठेवा, त्याही बीमवर.

एप्रिल-मेच्या दुपारी वर कोणी फिरकत नाही, उन्हात स्क्रीनही दिसत नाही. पश्चिमेकडून सावली आणि टेबलापाशी झाकणाचे सॉकेट असतील तर सकाळ-संध्याकाळ जागा वापरात राहते. छप्पर ताडपत्री-बांबूचं नको, खाली जायला दोन जिने हवेत आणि त्यांच्या दारांना कुलूप नको. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटच्या आगीत १४ जण गेले. पक्क्या शेडला महापालिकेची परवानगी लागते, तीही आधी.

आर्किटेक्टकडून पर्गोल्याचा प्रत्येक बोल्ट कशात जातो ते सेक्शनमध्ये (उभ्या छेदाच्या नकाशात) काढून घ्या. ‘साइटवर बघू’ हे उत्तर चालवून घेऊ नका. ग्रिड कागदावर कितीही सुंदर दिसो, पावसाळ्यात फोन त्यांना जात नाही.

आणि हो, स्लॅब पोस्ट-टेन्शनची (आत ताणलेल्या पोलादी केबल असलेली) असेल तर पेडेस्टलच्या सळ्यांसाठीसुद्धा इंजिनिअरने केबलची जागा आखून दिल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका.