गोव्यात घरी बांधत असलेल्या ॲल्युमिनियमच्या विमानाला आतून प्रायमर लावावा का? कोणता? आणि इंधनाच्या टाकीला सीलंट (सांधे बुजवणारा लेप) कोणतं?

तुम्ही म्हणता, किटच्या पुस्तिकेत आतला प्रायमर ऐच्छिक लिहिलाय, मग तो खर्च आणि ते वजन कशाला घ्यायचं? कोरड्या मुलखात नाही लावला तरी निभावतं. आपल्याकडे लावाच.

मी वास्कोत बरीच वर्षं विमानांच्या पत्र्याचं काम केलं आणि आता घरच्या शेडमध्ये स्वतःचं दोन सीटचं बांधतोय. पहिल्या एलेव्हेटरला (शेपटीचा वरखाली हलणारा भाग) मी आतून काहीच लावलं नव्हतं. दोन पावसाळे तो शेडमध्ये नुसता टांगलेला होता. एक रिव्हेट बदलायचा म्हणून ड्रिल केला, तर पत्रा आणि रिब (आतली आधाराची फासळी) यांच्या फटीतून तांदळाच्या पिठासारखी पांढरी पूड हातावर पडली. बाहेरून पत्रा अगदी लखलखीत. तो अख्खा एलेव्हेटर मी पुन्हा केला.

कारण असं. 2024 जातीच्या पत्र्यात साधारण 4 टक्के तांबं असतं. त्याने ताकद येते, पण गंजही लवकर धरतो. म्हणून दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, त्यालाच अल्क्लॅड म्हणतात. पण कापलेल्या कडेला आणि भोकाच्या आत तो थर नसतोच. दोन पत्रे जिथे एकावर एक बसतात, तिथे खारी ओल शिरते आणि वाळायला वाट मिळत नाही. त्यामुळे हात आखडायचाच असेल तर मधल्या मोकळ्या पत्र्यावर आखडा, जोडाच्या जागी आणि कडांवर नको. रिव्हेट मारायच्या आधी दोन्ही पत्र्यांच्या समोरासमोरच्या बाजूंना प्रायमर हवाच.

प्रायमर दोन भागांचा इपॉक्सी घ्या. स्प्रेच्या डब्यातला सेल्फ-एच (पत्र्याला स्वतःच हलकं कोरून धरणारा प्रायमर) सोपा पडतो, पण तो सच्छिद्र असतो. वर दुसरा थर नसेल तर ओल धरून ठेवतो. झिंक क्रोमेट गंज उत्तम रोखतो, तरी घरात नको. त्यातलं क्रोमियम कर्करोग करणारं आहे, आणि घासताना उडालेली धूळ मुलाबाळांपर्यंत जाते. थर 20 मायक्रॉनच्या आसपास पुरे. जाड थराने फक्त वजन वाढतं.

खरी मेहनत त्याच्या आधीची. पत्रा लालसर स्कॉचब्राइटने (घासायच्या जाळीदार पॅडने) हलका घासा, धुवा आणि वर स्वच्छ पाणी ओता. पाण्याची सलग चादर राहिली तर पत्रा तयार. कुठे पाणी फुटून थेंब झाले, तर तिथे तेल आहे, परत धुवा. त्यानंतर उघडा हात लावू नका, घामातही मीठच असतं.

प्रायमरची स्प्रे गन चालवायचे दिवस दिवाळी ते शिमगा. चवथीच्या सुमारास उघडीप दिसली तरी हवेत पाणी असतंच, आणि दमटपणात इपॉक्सीवर चिकट साय येते, पुढचा हात धरत नाही. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते) किमान 3 अंश जास्त असू द्या. मी सकाळी दहाच्या आधी गन हातात घेत नाही.

टाकीच्या आत मात्र प्रायमर नको. घासून स्वच्छ केलेल्या उघड्या पत्र्यावर दोन भागांचं पॉलिसल्फाइड सीलंट लावा आणि दोन्ही भाग तराजूवर मोजून मिसळा, अंदाजाने नाही. डब्यावर बी-2 असेल तर काम करायला दोन तास मिळतात असं समजतात, पण तो हिशेब 25 अंश तापमानाचा आहे. मे महिन्यात त्यावर विसंबू नका, थोडं थोडं कालवा. टाकीत ओतून फिरवायचं स्लॉशिंग कंपाउंड वापरू नका. पुढे त्याचे पापुद्रे सुटून फिल्टर तुंबतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेव्हा तुमच्या सीलंटचा एक वाळलेला तुकडा बाटलीत त्याच पेट्रोलमध्ये महिनाभर बुडवून ठेवा. मऊ पडला तर ते सीलंट किंवा ते पेट्रोल, एक बदला. शेवटी टाकीच्या व्हेंटला (हवा जायच्या नळीला) फुगा बांधून हलकी हवा भरा आणि प्रत्येक रिव्हेटवर साबणाचं पाणी सोडा.

बाहेरचा रंग दोन भागांचा पॉलियुरेथेन. त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क नसेल, तर हे काम तशी सोय असलेल्या रंगाऱ्याकडे द्या. आणि रंग वाळला की एलेव्हेटर, एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग), रडर (शेपटीचा उभा हलता भाग) पुन्हा तोलून घ्या. मागच्या कडेवरचं थोडंसं वजनही हवेत फडफड सुरू करू शकतं.