कीबोर्डला लहानसं मिडी साउंड मॉड्यूल जोडायचं आहे. वायरिंग कसं करू आणि पॉवर कुठून देऊ?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: व्हीएस१०५३ चिपचा (मिडीच्या आदेशांवरून आवाज तयार करणारी चिप) बोर्ड घेतलाय, जुन्या वाजवायच्या कीबोर्डला पाच पिनांचं मिडी आउट (कुठला सूर वाजवला त्याचे आदेश बाहेर पाठवणारं सॉकेट) आहे, वेगळा अडॅप्टर नको म्हणून मिडीच्या केबलमधूनच ५ व्होल्ट घ्यायचा विचार आहे, आणि मोबाइलच्या चार्जरवर लावलं की स्पीकरमधून घूं असा आवाज येतो.

केबलमधून पॉवर घेण्याचा विचार सोडून द्या. पिन ४ वर ५ व्होल्ट दिसतात खरे, पण ते २२० ओहमच्या रेझिस्टरमागून येतात. ही ओळ पाचेक मिलिअँपिअरच्या करंटने ऑप्टोकपलरमधला (थेट विजेचा जोड न ठेवता प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा भाग) एलईडी उजळवण्यासाठी आहे, बोर्ड चालवायला नाही.

एरवी आपण सगळे ग्राउंड बिनदिक्कत एकत्र बांधतो. इथे तसं करू नका. मिडी इनच्या सॉकेटची पिन २ मोकळी सोडा. शील्ड (केबलच्या तारांभोवतीचं धातूचं आवरण) कीबोर्डच्या बाजूला जोडलेलं असतं, तेवढं पुरे. दोन्ही यंत्रांचे ग्राउंड वेगळे राहावेत म्हणूनच मध्ये ऑप्टोकपलर घालतात.

ऑप्टोकपलर ६एन१३८ घ्या. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून बघा. दुकानदार ‘तेच आहे’ म्हणत पीसी८१७ पुढे करेल, ते घेऊ नका. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे एका बिटाला फक्त ३२ मायक्रोसेकंद. पीसी८१७ तेवढ्यात धड बंद होत नाही आणि सूर गळतात.

सॉकेटची पिन ४ २२० ओहममधून ऑप्टोच्या पिन २ ला, सॉकेटची पिन ५ थेट पिन ३ ला. ऑप्टोच्या या दोन पिनांवर १एन४१४८ डायोड उलटा लावा, पट्टी पिन २ कडे. पिन ८ ला ५ व्होल्ट, पिन ५ ला बोर्डाचा ग्राउंड, पिन ७ वरून ग्राउंडला १० के (किलोओहम) चा रेझिस्टर. आउटपुट पिन ६ वर. तिचा १ के चा पुल-अप (ओळ वर खेचून ठेवणारा रेझिस्टर) ५ ऐवजी ३.३ व्होल्टला बांधा. आउटपुट ओपन कलेक्टर (फक्त खाली खेचणारं, स्वतः व्होल्टेज न देणारं) असल्यामुळे बोर्डाच्या आरएक्सला (सिग्नल आत घेणारी पिन, इथेच पिन ६ जोडा) हवी तीच पातळी आपोआप मिळते, वेगळा लेव्हल कन्व्हर्टर लागत नाही. सॉकेटच्या पिना ओळीने १-४-२-५-३ अशा असतात आणि सोल्डरच्या बाजूने बघताना क्रम उलटा दिसतो. ४ आणि ५ ची अदलाबदल झाली तरी डायोडमुळे काही जळत नाही, फक्त शांतता.

चिप मिडी मोडमध्ये सुरू व्हायला रिसेटच्या वेळी चिपची जीपीआयओ१ ही पिन हाय (३.३ व्होल्टला) आणि जीपीआयओ० लो (ग्राउंडला) लागते. काही स्वस्त बोर्डांवर या पिना बाहेर काढलेल्याच नसतात. मग बारीक वायर सोल्डर करा, नाहीतर मायक्रोकंट्रोलरवरून एसपीआयने (चिपशी डेटा बोलायच्या तारांनी) मिडीचा पॅच (छोटा प्रोग्रॅम) चढवा.

आता घूं. बोर्ड आधी पॉवर बँकेवर चालवा. (करंट इतका कमी की काही पॉवर बँका थोड्या वेळाने आपोआप बंद पडतात. घाबरू नका.) आवाज गेला तर चार्जर दोषी. ९ व्होल्टचा अडॅप्टर आणि ७८०५ (त्याचे स्थिर ५ व्होल्ट करणारा रेग्युलेटर), किंवा चार रिचार्जेबल एए सेल, दोन्ही चालेल. गिटार पेडलचा अडॅप्टर हाताशी असेल तर आधी मल्टीमीटर लावा. त्यात बहुतेकदा मधली पिन निगेटिव्ह असते.

आवाज तरीही राहिला तर हेडफोनच्या जॅककडे बघा. त्याचा कॉमन (डाव्या-उजव्या दोन्हींची सामाईक तार) हा ग्राउंड नाही, तो जीबफ (चिपची वेगळी आउटपुट पिन) आहे, सुमारे १.२३ व्होल्टवर बसलेला. हेडफोनला चालतं. पण तिथून अँपला केबल लावली आणि अँपचा ग्राउंड कुठूनही बोर्डाच्या ग्राउंडला मिळाला, की जीबफ शॉर्ट होतो. डेटाशीटमध्ये याला साफ मनाई आहे. अँपसाठी लेफ्ट आणि राइट प्रत्येकी १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून काढा, पॉझिटिव्ह टोक चिपकडे, आणि केबलचं शील्ड एजीएनडीला (बोर्डाचा ऑडिओ भागाचा ग्राउंड).

एवढं करूनही गप्पच असेल तर कीबोर्ड न वाजवता ऑप्टोच्या पिन ६ वर व्होल्टेज मोजा. ३.३ च्या आसपास यायला हवं, आणि भराभर सूर वाजवले की आकडा थोडा खाली हलायला हवा. काय दिसतं ते खाली लिहा, बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटोही टाका.