कलम वेंगुर्ला-७ चं घेतलं, बोंडू लागले लाल

लांजा तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आलाय, आणि अगदी असाच प्रश्न दर सीझनला राजापूर, देवगड, दोडामार्ग कुठून ना कुठून येतोच, म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहितो. जून २०२१ ला यांनी एका खाजगी नर्सरीतून वेंगुर्ला-७ (पिवळा बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ, आणि मोठी बी असलेली जात) म्हणून काजूची २०० कलमं घेतली. मार्च २०२४ ला पहिलं फळ आलं तर निम्म्याहून जास्त झाडांना लाल बोंडू आणि बी बारीक. नर्सरीवाला आधी म्हणाला पहिल्या वर्षाचं फळ धरू नका, मग म्हणाला पावसात बदलून देतो, आता फोन उचलत नाही. आता यांचा प्रश्न असा, की आत्ता जानेवारी २०२६ आहे, मोहर आलाय, तर मार्च-एप्रिलला फळ दिसलं की पंचनामा करून मग ग्राहक आयोगात जाऊ का?

अजिबात नाही. याच महिन्यात तक्रार दाखल करा, बाकी सगळं नंतर.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ६९ सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार आली पाहिजे. तुम्हाला फसगत कळली मार्च २०२४ ला, म्हणजे मार्च २०२६ ला खेळ खल्लास. समोरचा वकील तर म्हणणार की मुदत कलमं दिली तेव्हापासूनच, जून २०२१ पासून मोजा. मला ते पटत नाही, कारण दीड हाताच्या रोपावर बोंडूचा रंग दिसत नाही आणि काजूचं फळ साधारण तिसऱ्या वर्षापासूनच घेतात, पण आयोग काय धरेल याची गॅरंटी मी देणार नाही, म्हणून तक्रारीसोबतच विलंबमाफीचा अर्जही जोडून टाका. आणि समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तर चालून जाईल या भ्रमात राहू नका, आयोगाने तो स्वतःहून आधी तपासायचा असतो हे सुप्रीम कोर्टाने २००९ मध्येच स्टेट बँकेच्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय.

"बदलून देतो" या शब्दावर तुम्ही जवळजवळ दोन वर्षं काढलीत. अहो, तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही, आणि वकिलाची नोटीस पाठवल्यानेही वाढत नाही! व्हॉट्सॲपवर तसं लिहून दिलं असेल तर त्यावर वाद घालता येईल, पण त्याच्या जिवावर बसू नका.

दुसरी गोची बिलाची. फोटो पाठवलात त्यात नुसतं "काजू कलम २०० नग" एवढंच आहे, जात नाही, परवाना नंबर नाही. दोनशे कलमं, म्हणजे सात बाय सात मीटरने जवळपास हेक्टरभर बाग, आणि बिलावर जात लिहून घ्यायला दोन मिनिटं नव्हती? असो. आता २०२१ चे मेसेज उकरा, ऑर्डर देताना कुठेतरी "वेंगुर्ला ७" लिहिलेलं असेल तर तोच पुरावा, त्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) सर्टिफिकेट लागेल. फुंडकर फळबाग लागवड योजनेतून अनुदान घेतलं असेल तर कृषी खात्याच्या फायलीत बहुतेक जात लिहिलेली सापडेल, तिची नक्कल काढा. परवानाधारक नर्सरीने खुंट (खालचं मुळाचं रोप) आणि काडी (त्यावर जोडलेली हव्या त्या जातीची फांदी) कुठून आणली याची नोंद ठेवायची असते, तेही कृषी खात्याकडे माहिती अधिकारात मागा.

नर्सरीवाल्याचा खरा बचाव वेगळाच असणार. तो म्हणेल, काडी सातचीच होती, तुम्ही जोडाखालचे फुटवे काढले नाहीत, काडी मेली आणि खुंटाचंच झाड झालं. हा बचाव कधी कधी खराही असतो, म्हणून आजच बागेत जा, प्रत्येक झाडाचा बुंधा साफ करून जोडाची गाठ दिसते का आणि वरचं खोड त्या गाठीच्या वरूनच निघालंय का बघा, झाडाला नंबर घालून फोटो काढा. ज्या झाडांची गाठ शाबूत आहे आणि तरी बोंडू लाल, ती तुमची केस. बाकीच्यांचा हट्ट धरू नका. तक्रार दाखल झाली की लगेच अर्ज देऊन वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचा तज्ज्ञ नेमायला सांगा, म्हणजे मार्चमध्ये फळ असताना पाहणी होईल. नर्सरीवाल्याला कळवल्याशिवाय केलेल्या पंचनाम्याला फारशी किंमत राहत नाही.

"तुम्ही ग्राहकच नाही, धंद्यासाठी घेतलं" असंही म्हणतील. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी, २०१२, एवढं पुढे करा, त्यात सुप्रीम कोर्टाने शेतकऱ्याला ग्राहक मानलंय. तो निकाल बियाण्याचा आहे, पण बियाणे कायद्यातल्या व्याख्येत कलमंही येतात.

तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीलाच करता येते, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवरून ऑनलाइनही. कलमांची किंमत पाच लाखांच्या आत असल्यामुळे फी नाही. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिलेत, ते वाचून हसायचं आणि विसरायचं. भरपाई किती मिळेल हे मी आत्ता सांगत नाही, कलमांची किंमत आणि खर्च मागाच, पुढच्या उत्पन्नाचं सगळं तज्ज्ञाच्या रिपोर्टवर.

आणि शेवटी विचारलंत ते टॉप वर्किंगचं. झाडं छाटून नवीन काडी भरायला माणूस ठरवलाय म्हणता, त्याला आज फोन करून थांबवा. पाहणी होऊन रिपोर्ट आयोगात जाईपर्यंत एकाही झाडाला कोयता लागता कामा नये.