चालून आल्यावर रक्त द्यावं का?

प्रश्न : थोरल्या भावाचं हृदय प्रत्यारोपण होऊन आठ महिने झाले. आधी मानेच्या शिरेतून बायोप्सी करायचे, म्हणजे हृदयाचा बारीकसा तुकडा काढून तपासायचे, आता डॉक्टर म्हणतात की रक्ताच्या तपासणीवर भागेल. त्यासाठी आम्ही रातच्या गाडीनं पुण्याला जातो. भाऊ रोज पहाटे चालतो, पण नुसता बसला तरी नाडी शंभर. चालू द्यावं का? व्यायामानं रिपोर्ट बिघडतो का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आधी नाडीचं. दात्याचं हृदय काढताना त्याच्या नसा कापल्या जातात. ठोक्यांना आवर घालणारी व्हेगस नसही त्यात गेली, म्हणून बसल्या जागी ९० ते ११० ठोके पडतात. ते आजाराचं लक्षण नव्हे. चालायला लागलं की हे हृदय रक्तातल्या अ‍ॅड्रेनलिन या संप्रेरकाची वाट पाहतं. वेग चढायला काही मिनिटं लागतात आणि थांबल्यावर तो लवकर उतरतही नाही. म्हणून सुरुवातीला ५ ते १० मिनिटं सावकाश चालायचं, शेवटीही तेवढंच. एकदम थांबलं तर रक्त पायांत साचून डोळ्यांपुढे अंधारी येते. जोर नाडीवर मोजू नका. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढी धाप पुरे. छातीतली कळही या हृदयाला बहुधा कळत नाही, तेव्हा रोजचा रस्ता अचानक जड वाटू लागला, दम लागला, पाय सुजले किंवा दोन-चार दिवसांत वजन चढलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा.

आता रक्ताचं. हृदयाच्या पेशी मरतात तेव्हा दात्याच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. शरीर हृदय नाकारू लागलं की ते वाढतात. पण रिपोर्टमध्ये येतो तो टक्का. समजा, हजार तुकड्यांत दात्याचे चार, म्हणजे ०.४ टक्के. हृदयासाठी साधारण ०.२ ते ०.२५ च्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात. दमछाक होईपर्यंत व्यायाम केला की भावाच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींमधला डीएनए रक्तात कित्येक पट वाढतो. एकूण चार हजार झाले आणि दात्याचे चारच राहिले, तर टक्का ०.१. नकार सुरू असूनही रिपोर्ट चांगला! ही वाढ काही तासांत ओसरते. म्हणून तपासणीच्या सकाळी व्यायाम नको, जिने चढत धावपळ नको, अर्धा तास बसून मग रक्त द्या.

नळीही खास असते, पेशी फुटू न देणारी. रक्त घेतल्यावर ती ८-१० वेळा हळुवार उलटी-सुलटी करायची, जोरात हलवायची नाही. बर्फात ठेवायची नाही आणि ३७ अंशांच्या वर तापूही द्यायची नाही. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतून नमुना नेणं म्हणजे तो वायाच. नुकतंच रक्त चढवलं असेल तर तेही आधी सांगा.

त्याच वेळी टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीरानं हृदय नाकारू नये म्हणून दिलेल्या गोळीची, रक्तातली पातळीही बघतात, आणि रातच्या गाडीनं घोळ होतो तो इथेच. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊच्या सुमारास रक्त, आणि सकाळची गोळी त्यानंतर. घाईत आधी घेतली तर पातळी उगाच जास्त दिसते आणि डोस चुकून कमी होऊ शकतो.

प्रश्न : प्रत्यारोपणानंतर शेतातली कामं कधीपासून? — परभणी

उत्तर : छातीचं हाड जुळेपर्यंत, म्हणजे साधारण तीन महिने, पाच किलोच्या वर काही उचलू नका. त्यानंतर हलकी कामं डॉक्टरांना विचारून सुरू करा. मळणीची धूळ, उकिरडा, भिजलेला कडबा यांपासून मात्र पुढेही लांब राहा. त्यातली बुरशी फुप्फुसात गेली तर दबलेल्या प्रतिकारशक्तीला ती झेपत नाही.