जेवल्यावर डोळे मिटतात, त्यात एकट्या भाताचा दोष नाही

तुम्ही विचारलंय की दुपारी जेवलं की तासाभरात डोळे मिटायला लागतात, कामात लक्ष लागत नाही, तर भात बंद करू का. मी डॉक्टर नाही, फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, पण या प्रकरणात मी इतकी वर्षं घालवलीत की थोडंफार सांगू शकते. भात मी पण बंद केला होता, दीड महिना. काही फरक पडला नाही, चिडचिड तेवढी वाढली.

माझं कसं होतं सांगते. डोंबिवलीहून यायचं म्हणजे पहाटे पाचला उठायचं, डबे करायचे, स्वतः मात्र चहा-बिस्किटावर निघायचं. गाडीत उभं राहून सीएसएमटी. एक वाजेपर्यंत पोटात अक्षरशः आग, मग डबा उघडला की दहा मिनिटांत फस्त. आणि डब्यात काय, तर चार चपात्या, बटाट्याची भाजी, वरच्या डब्यात वरण-भात. घरचं, साधं, पौष्टिक, असं मला वाटायचं. एकदा मार्चमध्ये, म्हणजे आमच्याकडे मरणाची धावपळ असते तेव्हा, अडीच वाजता माझं बोट ७ वर तसंच राहिलं आणि जागी झाले तर एक्सेलच्या रकान्यात ७७७७७७७ ची माळ लागलेली. बाजूची हसत होती, मी पण हसले, पण आतून घाबरले.

आता त्या डब्याकडे नीट बघा. चपाती, बटाटा, भात, तिन्ही पिष्टमयच. वरण होतं पण पातळ, वाटीत तळाला डाळ आणि वर पाणी. असं जेवण भराभर आणि पोटभर झालं की रक्तातली साखर पटकन चढते, इन्शुलिन सुटतं, काही जणांना मग ती उतरताना गळून गेल्यासारखं होतं. शिवाय मेंदूत ओरेक्सिन नावाचं एक रसायन असतं जे आपल्याला जागं ठेवतं, ते बनवणाऱ्या पेशी ग्लुकोज वाढलं की मंदावतात असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. आपल्याकडे सगळे सांगतात ना की जेवल्यावर मेंदूतलं रक्त पोटाकडे जातं म्हणून झोप येते, ते मात्र फारसं खरं नाही, मेंदू आपला रक्तपुरवठा सहसा कमी होऊ देत नाही.

आणि अर्धी गोष्ट तर जेवणाची नाहीच. दुपारी एक ते तीनच्या आसपास शरीराच्या घड्याळातच एक उतार असतो, न जेवता पण असतो. हे मला संकष्टीला कळलं. ज्या संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काहीच खाल्लं नाही त्या दिवशी पण अडीचला जांभया आल्याच, फक्त कमी. आणि ज्या संकष्टीला दुपारी साबुदाण्याची खिचडी हाणली त्या दिवशी तर विचारू नका, साबुदाणा काय, बटाटा काय, पुन्हा पिष्टच, उपास म्हणून खातो आणि रोजच्यापेक्षा जड होतं. रात्री पाच तास झोप असेल तर हा उतार खड्डाच होतो, मग डब्यात काहीही असू दे.

पण माझी खरी चूक वेगळीच निघाली. झोप येते म्हणून मी डबा संपवला की लगेच खाली टपरीवर कटिंग प्यायचे, कधी दोन. पुढे जिने चढताना धाप लागायला लागली, केस गळायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ९.२. बायकांना किमान १२ तरी लागतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, चहा कधी पिता? चहातलं टॅनिन पालेभाजी-डाळीतलं लोह अंगी लागू देत नाही, म्हणजे झोप उडवायला जे पीत होते तेच मला थकवत होतं, वा रे वा. अर्थात चहा हे एकच कारण नव्हतं, पाळीत रक्त पण खूप जायचं, त्याची वेगळी ट्रीटमेंट झाली. लोहाच्या गोळ्या तीनेक महिने घेतल्या (शौचाला काळी होते, घाबरू नका, मी घाबरले होते). पण टेस्ट न करता मेडिकलमधून स्वतःहून आणून खाऊ नका.

आता डबा असा असतो: दोन चपात्या, मटकी किंवा चवळीची घट्ट उसळ, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, भात मूठभर आणि वरण दाट. लिंबाची फोड असतेच, लिंबाने लोह जास्त शोषलं जातं. आधी कोशिंबीर आणि उसळ खाते, भात शेवटी, त्याने साखर हळू चढते. सकाळी निघायच्या आधी एक अंडं किंवा मुगाचं धिरडं, म्हणजे एकला मी डब्यावर तुटून पडत नाही. सगळ्यात जास्त फरक पडला तो या सकाळच्या खाण्याने, असं माझं मत. जेवल्यावर हॉर्निमन सर्कलच्या बागेला एक फेरी, दहा-पंधरा मिनिटं. आजी शतपावली म्हणायची ती हीच, चालताना स्नायू साखर वापरतात. ऊन असलं की कंटाळा येतो, मग कॉरिडॉरमध्येच येरझाऱ्या घालते. चहा चारला, पाचनंतर नाही, नाहीतर रात्रीची झोप जाते आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

तुम्ही आधी दोन आठवडे लिहून ठेवा, काय खाल्लं, किती वाजता, रात्री किती झोप. आणि सुस्तीबरोबर तहान फार लागत असेल, रात्री लघवीला उठावं लागत असेल, वजन उगाच उतरत असेल तर साखर बघून घ्याच. उपाशीपोटी १०० च्या खाली पाहिजे, तपासण्यांत १२६ किंवा वर येत असेल तर तो डायबेटिस. मोठ्याने घोरत असाल आणि सकाळी उठताच थकलेले असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. थायरॉइड आणि बी१२ पण, शाकाहारी असाल तर बी१२ नक्कीच.

भात मात्र सोडू नका हो, माझ्यासारखा दीड महिना फुकट जाईल. श्रीखंड-पुरी मी पण सोडलेली नाही, फक्त ती रविवारी करते, म्हणजे वर पंखा लावून सरळ वामकुक्षी घेता येते.