वस्तूंची यादी कधी बंद करायची? विद्यापीठ संग्रहालयातल्या प्रदर्शनांविषयी प्रश्नोत्तरे

या वेळी आलेली जवळजवळ सगळी पत्रं विद्यापीठांच्या संग्रहालयांतून आली आहेत. तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण बहुतेकींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: कोणता निर्णय कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत घ्यायचा, हे कुठेच लिहिलेलं नसतं. पैसा कमी असतो, हे खरंच. पण पैसा पुरेसा असतानाही प्रदर्शनं रखडलेली मी पाहिली आहेत.

आमच्या प्रदर्शनाचे क्युरेटर एक ज्येष्ठ प्राध्यापक आहेत. विषयावर त्यांची हुकमत वादातीत आहे. पण उद्घाटन दहा आठवड्यांवर आलं तरी नव्या वस्तू सुचवणं थांबत नाही. काल आणखी चार हस्तलिखितं आली. वयानं आणि पदानं ते मोठे आहेत. त्यांना नाही कसं म्हणू?

नाही म्हणूच नका. “सर, ही घेऊ. यादीतली कोणती काढायची?” एवढंच विचारा आणि त्यांच्या उत्तराची वाट पाहा.

सरांची बाजूही समजून घ्या. संशोधनात उशिरा हाती लागलेला पुरावा ही आनंदाची गोष्ट असते. त्यासाठी प्रबंधाचं अख्खं प्रकरण पुन्हा लिहिणाऱ्याचं कौतुकच होतं. हाच स्वभाव ते गॅलरीत घेऊन येतात. हस्तलिखित म्हणजे त्यांच्या लेखी एक मुद्दा. तुमच्या लेखी ती कामांची रांग असते: स्थिती तपासून कंडिशन रिपोर्ट करायचा, संवर्धकाकडून (वस्तू टिकवण्याचं काम करणाऱ्या तज्ज्ञाकडून) कोणतं पान किती अंशात उघडता येईल ते ठरवून घ्यायचं, हस्तलिखित तसं उघडं धरणारा त्या मापाचा पुस्तक-आधार बनवायचा, छायाचित्र काढायचं, विम्याच्या यादीत नोंद करायची, लेबल लिहून तपासून छापायचं, आणि शोकेसमध्ये आधीच बसलेल्या वस्तू सरकवायच्या. ही रांग सरांना कोणी दाखवलेलीच नसते. अर्ध्या पानाचा एक बदल-अर्ज तयार करा. कोणती वस्तू, कशाच्या जागी, संवर्धकाचे किती तास, आधार कोण बनवणार, खर्च अंदाजपत्रकातल्या कोणत्या शीर्षाखाली. अर्ज सरांनीच भरायचा. निम्म्या सूचना अर्ज भरतानाच गळून जातात आणि कोणाचा अपमानही होत नाही.

पुढच्या प्रदर्शनासाठी मात्र आतापासून व्यवस्था करा. दीड वर्षाचा प्रकल्प असेल तर मी कच्ची यादी उद्घाटनाच्या बारा महिने आधी मागते आणि आठ महिने आधी ती गोठवते. त्यानंतर एक आत तर एक बाहेर. शेवटच्या चार महिन्यांत तेही नाही. फक्त वस्तू काढता येतात. या तारखा प्रकल्पाच्या पहिल्याच कागदावर हव्यात आणि त्यावर क्युरेटर, विभागप्रमुख आणि संग्रहालयाचे संचालक या तिघांची सही हवी. नंतरचा अपवाद मंजूर करण्याचा अधिकार फक्त संचालकांचा. तुमच्यासारख्या कनिष्ठ माणसानं प्राध्यापकांशी रोज झुंजायचं आणि संचालकांनी लांबून पाहायचं, ही वाटणीच चुकीची आहे.

आणि त्या चार हस्तलिखितांचं काय? ती खरोखर महत्त्वाची असतील तर एक वाट आहे. कागद प्रकाशात फार काळ ठेवू नये म्हणून हस्तलिखितं तीनेक महिन्यांनी बदलावीच लागतात. उद्घाटनाला यादीतली ठेवा, सरांची चार दुसऱ्या फेरीत घ्या. मापं जवळपास सारखी असतील तर आधारही थोडे फेरफार करून पुन्हा वापरता येतात.

एम.ए.च्या वर्गाकडून एका सत्रात प्रदर्शन करून घ्यायची विभागाची इच्छा आहे. शक्य आहे का?

शक्य आहे, पण बराचसा भाग विद्यार्थी वर्गात येण्याआधीच ठरलेला असेल तर.

शिकवणं आणि संग्रहालय एका छपराखाली असणं ही काही नवी कल्पना नाही. ऑक्सफर्डचं अ‍ॅश्मोलियन संग्रहालय १६८३ साली उघडलं तेव्हा त्याच इमारतीत व्याख्यानाची खोली होती आणि तळघरात रसायनशाळा होती. हार्वर्डच्या कला संग्रहालयांनी तर चालू अभ्यासक्रमांना जोडून वस्तू मांडण्यासाठी ‘युनिव्हर्सिटी टीचिंग गॅलरी’ वेगळीच ठेवली आहे. अशा दालनाचा मोठा फायदा म्हणजे शोकेस, दिवे, भिंती सगळं तयार असतं आणि बदलतात त्या फक्त वस्तू आणि मजकूर.

सत्र साधारण पंधरा आठवड्यांचं धरा आणि शेवटाकडून मोजत या. शेवटचा आठवडा मांडणीला, त्याआधीचे दोन छपाईला, त्याआधीचे दोन-तीन संपादनाला आणि मुद्रिततपासणीला. म्हणजे मजकूर नवव्या आठवड्यात हातात हवा. मग वस्तू निवडायला आणि समजून घ्यायला जेमतेम दोन महिने उरतात. एवढ्या वेळात बाहेरच्या संस्थेकडून काही मागवता येत नाही आणि नवे आधारही बनवून होत नाहीत. म्हणून स्वतःच्याच संग्रहातल्या, संवर्धकानं आधीच पाहून ठेवलेल्या चाळीसेक वस्तू विद्यार्थ्यांसमोर ठेवा आणि त्यांतून बारा निवडायला सांगा. निवडीचं स्वातंत्र्य खरं असतं आणि धोका आटोक्यात राहतो.

गुणांचा प्रश्न आधीच मिटवा. विद्यार्थ्याच्या मजकुराला गुण आधी द्यायचे, संपादन नंतर करायचं, आणि हे पहिल्याच तासाला सांगायचं. नाहीतर बारा जणांनी बारा सुरांत लिहिलेली लेबलं कोणी एकसारखी केली की “माझं वाक्य बदललं” म्हणून कुरबुर सुरू होते. लेबल साठ-सत्तर शब्दांत बसवणं ही एम.ए.च्या विद्यार्थ्यासाठी निबंधापेक्षा अवघड परीक्षा आहे. प्राध्यापकांसाठीही आहे, पण ते सहसा ती देत नाहीत.

माझ्या मते मात्र उद्घाटन पुढच्या सत्राच्या सुरुवातीला ठेवणं जास्त शहाणपणाचं. वर्ग संपल्यावर दोघा विद्यार्थ्यांना मानधनावर ठेवून घ्या आणि काम त्यांच्याबरोबर पूर्ण करा.

एका देणगीदार कुटुंबानं रंगीत रेशमी वस्त्रांचा संग्रह दिला आहे. ती कायम प्रदर्शनात राहावीत, शिवाय “अंधारात काही दिसत नाही, दिवे वाढवा” असा त्यांचा आग्रह आहे. विद्यापीठाच्या देणगी कार्यालयानं हो म्हणून टाकलं आहे.

आम्हाला न विचारता हो म्हणणारी कार्यालयं सगळीकडेच असतात.

कुटुंबाला नियम दाखवू नका, हिशेब दाखवा. रेशीम, कागद, जलरंग यांसारख्या वस्तूंसाठी सर्वसाधारण मर्यादा ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक). दिवसाला आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर तेवढ्या मंद उजेडातही वस्त्रावर वर्षाला १,२०,००० लक्स-तास (लक्स गुणिले तास) पडतात. उजेडाचं नुकसान साठत जातं. १०० लक्समधले तीन महिने आणि ५० लक्समधले सहा महिने वस्त्राच्या दृष्टीनं सारखेच. उडालेला रंग कोणत्याही उपचारानं परत येत नाही, अंधारात ठेवलं म्हणून वस्त्र ‘विश्रांती’ घेऊन सुधारत नाही. म्हणजे दिवे दुप्पट करायचे असतील तर प्रदर्शनाचे दिवस निम्मे करायचे. दोन्हीपैकी काय हवं ते त्यांनी सांगावं. बहुतेक कुटुंबं इथे नरमतात, कारण आजीचं वस्त्र नातवंडांनाही दिसावं हीच त्यांची इच्छा असते.

तोडगा म्हणून संग्रहाचे चार गट करा. एक गट सहा महिने बाहेर, बाकीचे कोठीत. दर फेरीत कुटुंबाचं नाव दालनावर राहतं, आणि खरं तर त्यांना ‘कायम’ हवं असतं ते एवढंच. करारात “कायम प्रदर्शित” ऐवजी “संग्रहालयाच्या संवर्धन धोरणानुसार आलटून पालटून प्रदर्शित” असं लिहून घ्या. सही झालेली असेल तरी पुरवणी करार करता येतो.

“दिसत नाही” ही तक्रार मात्र खरी माना. दुपारच्या उन्हातून थेट ५० लक्सच्या दालनात आलेल्या माणसाला सुरुवातीला काहीच दिसत नाही, आणि वय झालेल्या डोळ्यांना तर जास्तच वेळ लागतो. आधीचं दालन किंवा वाट हळूहळू मंद करत आणा. खिडकी झाका. शोकेसच्या काचेत प्रतिबिंब पडेल असा दिवा समोर नको. लेबल मोठ्या अक्षरांत छापा. माणूस जवळ आल्यावरच उजळणारे दिवे लावले तर एकूण लक्स-तास बरेच वाचतात, आणि वाचलेले तास थोड्या जास्त उजेडासाठी वापरता येतात.

दुसऱ्या संग्रहालयाकडून वस्तू उसनी हवी असेल तर किती आधी लिहावं?

एक वर्ष आधी. देशाबाहेरून यायची असेल तर त्याहूनही आधी. सहा महिन्यांत होतं, पण ते ओळखीवर.

पत्राबरोबर तुमच्या इमारतीचा सुविधा-अहवाल द्यावा लागतो. त्यात सुरक्षा, आगीची व्यवस्था, तापमान आणि आर्द्रतेच्या नोंदी असतात. नोंदी नसतील तर आजच एक डेटालॉगर (अशा नोंदी आपोआप ठेवणारं छोटं यंत्र) लावा, कारण धनको, म्हणजे वस्तू उसनी देणारी, संस्था सहसा वर्षभराचा आलेख मागते. मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांनी स्वीकारलेल्या बिझो हरित करारनाम्यात बहुसंख्य वस्तूंसाठी १६ ते २५ अंश सेल्सिअस आणि ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता चालते, चोवीस तासांतला आर्द्रतेचा चढउतार १० टक्क्यांच्या आत असला म्हणजे झालं. जुन्या इमारतींना ही मोकळीक उपयोगी पडते.

विद्यापीठात अडतं ते दुसरीकडेच. उसनवारीच्या करारावर सही करण्याचा अधिकार संग्रहालयाला असतो की कुलसचिवांना, हे आधी शोधा. विधी कार्यालय कागद किती दिवस ठेवून घेतं तेही विचारा. आणि विद्यापीठाचा सर्वसाधारण विमा वस्तू तिच्या जागेवरून निघाल्यापासून परत त्याच जागी जाईपर्यंत लागू आहे का, हे लेखी घ्या. बहुधा नसतो.

कुलगुरूंनी वर्धापनदिनी उद्घाटन जाहीर केलं. नव्या शोकेस त्याच्या आठवडाभर आधी येणार आहेत. चालेल?

सगळ्या वस्तूंसाठी नाही. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी), प्लायवूड, ताजा रंग, काही गोंद यांतून आम्लधर्मी वाफा निघतात आणि बंद शोकेसमध्ये त्या साठतात. शिसं त्यात पांढरं पडून भुकटी होतं, शंखशिंपल्यांवर क्षार येतात, आणि साहित्यातून गंधकाच्या वाफा निघत असतील तर चांदी काळवंडते. रंग दिलेली शोकेस किमान चार आठवडे उघडी ठेवून वारा लागू द्यावा, असा संवर्धकांचा सर्वसाधारण आग्रह असतो. शोकेसमध्ये वापरायचं साहित्य तपासण्यासाठी ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७० च्या दशकात बसवलेली चाचणी आजही वापरली जाते: साहित्याचा तुकडा आणि चांदी, तांबं, शिसं यांच्या पट्ट्या दमट हवेत ६० अंशांवर २८ दिवस बंद ठेवायच्या आणि धातू गंजतो का पाहायचं. अठ्ठावीस दिवस! निविदा काढतानाच साहित्याचे नमुने मागवले तर हे दिवस वेळापत्रकात कुठेही खुपत नाहीत.

आता तारीख बदलणार नसेल तर उद्घाटनाला दगड आणि चकाकी दिलेली भाजकी भांडी ठेवा. शिशाची नाणी, मुद्रा, शिंपले यांच्या जागी छायाचित्रं किंवा प्रतिकृती, आणि “मूळ वस्तू पुढच्या महिन्यात” अशी छोटी पाटी. कुलगुरूंना फीत कापायला मिळते, बातमीही येते. महिन्यानं खऱ्या वस्तू आल्या की दुसरी बातमी.

शरीररचनाशास्त्र विभागाच्या जुन्या संग्रहात मानवी कवट्या आहेत. विभागाच्या इतिहासावरच्या प्रदर्शनात त्या ठेवायच्या आहेत. आराखडा तयार आहे, फक्त तुमचं मत हवं.

आराखडा आधी आणि हा प्रश्न नंतर, हा क्रमच उलटा आहे. पहिलं काम उगमाची चौकशी. ही माणसं कोण होती, कुठून आली, कोणी संमती दिली का, त्यांचे वंशज किंवा समाज आज कुठे आहे. नोंदवही, जुना पत्रव्यवहार, पावत्या, सगळं काढा. याला काही महिने लागतात आणि अनेकदा उत्तर गैरसोयीचं निघतं.

ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयानं २०२० मध्ये आपल्या दालनातले मानवी अवशेष काढून घेतले. त्यांत दक्षिण अमेरिकेतली आकसवलेली मुंडकी होती, जी पाहायला कित्येक वर्षं लोक मुद्दाम येत. अमेरिकेत मूलनिवासींच्या अवशेषांविषयीचा कायदा १९९० चा. त्याचे सुधारित नियम जानेवारी २०२४ पासून लागू झाले आणि आता संबंधित जमातीची आधी संमती घेतल्याशिवाय असे अवशेष आणि काही सांस्कृतिक वस्तू मांडता येत नाहीत. तुमच्या देशाचा कायदा वेगळा असेल, किंवा नसेलही. पण कायदा नाही म्हणजे परवानगी आहे असं होत नाही.

निर्णय रचनाकारावर किंवा एकट्या विभागप्रमुखावर सोडू नका. विद्यापीठाची नैतिकता समिती, बाहेरचा एक तज्ज्ञ आणि सापडला तर संबंधित समाजाचा प्रतिनिधी यांच्यासमोर विषय ठेवा. आणि प्रदर्शन अशा रीतीनं आखा की कवट्या नसतानाही ते उभं राहील. विभागाचा इतिहास उपकरणांतून, आकृत्यांतून, वर्गांच्या छायाचित्रांतून, आणि अवशेष कसे गोळा केले गेले याच्या कागदपत्रांतून सांगता येतो. ते कागद बहुधा कवटीपेक्षा जास्त बोलतात.

प्रदर्शन संपल्यावर उतरवायला कोणीच उरत नाही. दर वेळी हेच होतं.

कारण उतरवण्याचा आठवडा अंदाजपत्रकात नसतो. मांडणीसाठी जेवढी माणसं लागली त्याच्या निम्मी माणसं आणि त्यांचं मानधन पहिल्या दिवसापासून वेगळ्या शीर्षाखाली ठेवा. एकूण रकमेच्या दहा टक्के आकस्मिक खर्च राखता ना, त्याला यासाठी हात लावू नका. तो छपाईतच संपतो. कंत्राटी मदतनिसांची मुदत उद्घाटनाला संपवू नका, शेवटची वस्तू कोठीत जाईपर्यंत ठेवा.

उसन्या वस्तू परत पाठवताना आलेल्या वेळच्या कंडिशन रिपोर्टशी ताडून, धनको संस्थेचा माणूस समोर असतानाच नवा रिपोर्ट करा. रिकामे खोके सहा महिने कुठे ठेवायचे हे आधीच ठरवा. ते गळक्या शेडमध्ये नकोत, आणि भरण्याआधी निदान एक दिवस दालनाच्याच हवेत आणून उघडे ठेवा.